सिकलसेलच्या मुलाला ‘आळशी’ म्हणताय? या चुका टाळा

धडगाव-अक्कलकुव्याकडच्या शाळा फिरता विशेष शिक्षक म्हणून पालथ्या घालतोय. नवीन गुरुजी भेटले की पहिलं वाक्य ठरलेलं: ‘सर, याचं लक्षच नसतं, नुसता बसून राहतो.’ सिकलसेल हा आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. पोराच्या तपासणी कार्डावर एसएस, म्हणजे हा आजार आहे असं लिहिलंय का, ते बघितलेलं नसतं.

ही चूक मीही केली आहे. चौथीतला एक पोरगा, तिसरीत पाढे घडाघडा म्हणणारा. दिवाळीनंतर सात चोकपाशी अडकायला लागला. फळ्यावरचं उतरवताना ओळ सुटायची, टोकलं की चिडायचा. मी रोज दहा गणितं जादा दिली, महिनाभर! एकदा त्याच्या आईने पत्र्याच्या पेटीतून तिसरीची वही काढली. बेरजेच्या डोक्यावर हातचे बारीक, नीट मांडलेले. चौथीच्या वहीत हातचा गायबच. आळसाने अक्षर बिघडतं, येत असलेली रीत हरवत नाही. धुळ्याला एमआरआय केला, तर मेंदूत लहान लहान जुन्या जखमा. हातपाय कधी लुळे पडले नव्हते, म्हणून कोणाला पत्ताच नाही. सिकलसेलमध्ये मेंदूचा रक्तपुरवठा असा गुपचूप तुटू शकतो. मार बसतो लक्षावर, स्मरणावर, कामाच्या वेगावर.

तेव्हापासून मागच्या वर्षीची वही बघितल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. सूचना एका वेळी एकच देतो, फळ्याऐवजी कागद शेजारी ठेवतो. ‘पटकन एखादी युक्ती सांगा’ म्हणणाऱ्यांना आधी डॉक्टरांकडे पिटाळतो.

दुसरं, लघवीला अडवणं. या मुलांच्या मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवता येत नाही, आणि अंगात पाणी कमी पडलं की दुखणं उठतं. आपल्याकडच्या उन्हात बाटली बाकावरच हवी. वसतिगृहात अंथरूण ओलं केलं म्हणून उभं करणाऱ्यांना मी काय म्हणतो, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कार्डावर एएस असेल तर तो नुसता वाहक, आजारी नव्हे. तो मागे पडला तर कारण दुसरीकडे शोधा.

‘रक्त कमी आहे’ म्हणून मनानेच लोहाच्या गोळ्या देऊ नका. बरं वाटतंय म्हणून हायड्रॉक्सीयुरिया, म्हणजे सिकलसेलवरचं औषध, बंद करू नका.

दवाखान्यातून आलेल्या पोराला त्याच दिवशी चाचणीला बसवू नका.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे. लोक प्रमाणपत्रासाठी धावतात दहावीचा फॉर्म भरताना. सहावी-सातवीतच कागद हलवा. एका खेपेत काम होत नाही.