चेहरा खडूसारखा दिसतोय? स्किन टोन कालवताना या चुका टाळा

व्यक्तिचित्रातले बहुतेक चेहरे पांढऱ्या रंगाने बिघडतात. ट्यूबमधला तयार ‘फ्लेश टिंट’ (कातडीचा रंग) घ्यायचा, उजळ करायला पांढरा आणि सावलीला काळा मिसळायचा, ही सवय आधी सोडा. तो टिंट बहुधा गुलाबी गोऱ्या कातडीचा असतो. साताऱ्यातल्या माण-खटावच्या उन्हात राबलेला चेहरा त्यातून निघणार नाही.

पांढरा रंग छटा उजळतो, पण तिची ऊबही काढून घेतो. म्हणून गव्हाळ चेहरा राखेसारखा पडतो. तैलरंगात गव्हाळ कातडीच्या मधल्या छटेला यलो ऑकर (मातकट पिवळा) 2 भाग, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) 1 भाग, टिटॅनियम व्हाइट 1 भाग आणि तांदळाच्या दाण्याएवढा कॅडमियम रेड घ्या. पॅलेट नाइफने (रंग कालवायच्या पात्याने) एकजीव करा. सावळ्या कातडीला बर्न्ट सिएना 3, ऑकर 1, अल्ट्रामरीन (गडद निळा) अर्धा भाग. पांढरा जवळजवळ नाहीच. हे प्रमाण सुरुवातीपुरतं. पुढे समोरचा माणूस बघून बदला. उजळ भागासाठी आधी ऑकर वाढवा, मगच पांढऱ्याला हात लावा.

सावली हिरवट, आजारी दिसते? ऑकरमध्ये काळा गेला असेल. आयव्हरी ब्लॅक हा काळा रंग निळसर असतो, पिवळ्याशी मिळाला की हिरवा होतो. त्याऐवजी बर्न्ट सिएना 2 आणि अल्ट्रामरीन 1 वापरा. हिरवटपणा आलाच असेल तर टाचणीच्या टोकाएवढा क्रिमसन (गडद लाल) त्याला मारतो.

रंग मळला तर त्यात आणखी रंग घालून तो सुधारत नाही. खरवडून टाका. एका मिश्रणात पांढरा सोडून तीनच रंग ठेवा आणि कॅनव्हासवर ब्रश घोळवू नका.

सगळ्या चेहऱ्याला एकच छटा लावणं ही सर्वांत मोठी चूक. कपाळ पिवळसर, नाक-गाल-कान तांबूस, दाढी केलेल्या पुरुषाची हनुवटी राखाडी-निळसर. गावाकडच्या म्हाताऱ्याने टोपी काढली की कपाळावर सरळ रेघ दिसते: वर फिकट, खाली रापलेलं. ती रेघ पुसून टाकलीत तर माणूस ओळखू येणार नाही. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या श्री भवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची तैलचित्रं आहेत. तिथे चेहऱ्याच्या एकेका भागासमोर थांबून रंग कुठे बदलतो एवढंच बघावं. मोबाइलच्या फोटोत ते कळत नाही.

उजेडही तपासा. उत्तरेच्या खिडकीतला प्रकाश थंड, म्हणून सावल्या उबदार लागतात. अंगणातल्या उन्हात नेमकं उलट. रात्री ट्यूबलाइटखाली कालवलेला रंग सकाळी वेगळाच दिसतो, तेव्हा छटा दिवसाच ठरवा.

अॅक्रिलिक वाळल्यावर गडद होतं, जलरंग फिकट. कागदाच्या पट्टीवर फटकारा मारा, पूर्ण वाळू द्या, पट्टी चेहऱ्याशेजारी धरा आणि मग कॅनव्हासला ब्रश लावा.