वेगळा डॅक घ्यायचा का? आधी गाणं बंद करून ऐका

लॅपटॉप स्टिरिओला जोडला की गाणं सुरू व्हायच्या आधीच मला बारीक चिरचिर ऐकू यायची. माउस हलवला की ती वाढायची, पान खाली सरकवलं की तिचा सूर बदलायचा. संथ आलापात दोन स्वरांमधली शांतताच ती खाऊन टाकायची. बाहेरचा डॅक लावला आणि ती गेली. तरीही कोणी विचारलं तर मी लगेच 'घ्या' म्हणत नाही.

डॅक म्हणजे आकड्यांच्या रूपातल्या आवाजाचा विजेचा सिग्नल बनवणारा भाग. तो सीडी प्लेअरमध्ये असतो, लॅपटॉपमध्ये असतो, ब्लूटूथ रिसीव्हरमध्येही असतो. अँपला, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरला, मागे ऑप्टिकल किंवा यूएसबी इनपुट असेल तर अँपमध्येही आहे. आधी तोच वापरून बघा.

मग ही परीक्षा करा. गाणं थांबवा, आवाज नेहमीच्या पातळीवर ठेवा आणि स्पीकरपाशी कान न्या. खरखर ऐकू आली तर अँपवर दुसरं, काहीच न जोडलेलं इनपुट निवडा. खरखर तशीच राहिली तर ती अँपची आहे. डॅक घेऊन ती जाणार नाही. थांबली तर लॅपटॉपचा चार्जर काढून पुन्हा ऐका. चार्जर काढल्यावर आवाज गेला, तर दोष बहुधा अर्थिंगच्या वाटेने येतोय, आणि तो यूएसबीच्या तारेतून नव्या डॅकमध्येही शिरू शकतो. अशा वेळी ऑप्टिकल केबल घ्यावी. तिच्यातून फक्त प्रकाश जातो, वीज नाही. माझ्याकडे चार्जर काढूनही चिरचिर होतीच, म्हणजे ती लॅपटॉपच्या आतली होती.

टीव्हीला फक्त ऑप्टिकल आउटपुट आणि अँप जुना, असं असेल तर डॅक लागतोच. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज 'पीसीएम'वर ठेवा, कारण साध्या डॅकला डॉल्बी पद्धतीचा सिग्नल उलगडता येत नाही.

शांतता स्वच्छ असेल आणि फक्त 'आणखी चांगलं' हवं असेल, तर मात्र सावकाश घ्या. सीडीत सेकंदाला 44,100 नमुने असतात, प्रत्येक 16 बिटांचा. मंद आणि मोठ्या आवाजात साधारण 96 डेसिबलचं अंतर त्यात मावतं. एवढं काम आजचा साधा, नीट बनवलेला डॅकही चोख करतो. तुलना करताना डॅकचा आणि आधीच्या जोडणीचा आवाज अगदी सारखा करा. बाहेरच्या डॅकचं आउटपुट बरेचदा 2 व्होल्टच्या आसपास असतं, फोनचं त्याहून कमी. आणि किंचित मोठा आवाज कानाला हमखास 'जास्त मोकळा' वाटतो. मी 200 हर्ट्झचा एकसुरी आवाज हळू लावून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर धरला, एसी व्होल्टवर ठेवून, आणि डॅक व सीडी प्लेअर, दोन्हीकडे आकडा जुळवला. मग मुलीला अँपपाशी बसवलं. तिने नाणं उडवून दहा वेळा डॅक किंवा सीडी प्लेअर निवडला; मी तिच्याकडे पाठ फिरवून उत्तरं लिहिली. माझी सहा बरोबर आली, म्हणजे जवळजवळ अंदाजच. नऊ-दहा आली असती तर फरक खरा मानला असता.

तेव्हापासून सीडी प्लेअरची तार सरळ अँपला जाते. डॅक फक्त लॅपटॉपला आहे.