बेळगावचा पाऊस बघून अथणीत पेरू नका

दरवर्षी मृग निघाला की मोबाईलवर 'बेळगाव' टाकून पाऊस बघायचा आणि अख्ख्या जिल्ह्याचं ठरवून टाकायचं, ही चूक बघून बघून कंटाळलोय. पश्चिमेला घाटाकडच्या कणकुंबी-जांबोटीत झड लागली की आठ-आठ दिवस ऊन नाही, बेळगावात वर्षाला १२००-१३०० मिलिमीटर आणि अथणीत जेमतेम ६०० च्या आसपास. अरबी समुद्रावरचं ओलं वारं सह्याद्रीला धडकून वर चढतं, गार होतं, तिथंच रितं होतं आणि पूर्वेला उतरताना परत तापून कोरडं होतं, मग अथणीला उरणार काय?

माझ्या दाजींचं रान अथणीच्या पुढं, कोरडवाहू. एका जूनमध्ये मी जांबोटीत होतो, पत्र्यावर पाऊस असा की फोनवर ओरडून बोलावं लागत होतं. म्हटलं, "दाजी, लागला बघा पाऊस, पेरून घ्या." त्यांच्याकडं एकच वळीव होऊन गेलेला, वरची दोन बोटं माती ओली, खाली कोरडी ठणठणीत. माझ्या शब्दावर त्यांनी मका पेरला. कोंब वर आले आणि पुढं वीस दिवस नुसतं वारं. पानांच्या सुरळ्या होऊन वाळल्या, बियाणाच्या पिशव्या परत उधारीवर आणल्या, दुबार पेरणी. ताई एक शब्द बोलली नाही, पण अजून आठवलं की पोटात कालवतं.

तेव्हापासून मी पावसाची बातमी कुणालाच 'पेर' म्हणून सांगत नाही. वीतभर उकरायचं, माती मुठीत दाबायची, गोळा झाला तरच कुरी, म्हणजे पेरणीचं अवजार, जुंपायची. शेजाऱ्यानं जुंपली म्हणून आपणही, ही घाई नवीन पोरं फार करतात.

दुसरी चूक जिवावरची. आपल्या शिवारात ऊन आहे म्हणून चिकोडी-अथणीच्या काठावर निवांत बसायचं. अरे, कृष्णेचं पाणी महाबळेश्वर-कोयनेकडून येतं, दूधगंगा-वेदगंगेचं कोल्हापूरच्या डोंगरातून, तुमच्याकडं थेंब नसला तरी गोठ्यात शिरतं. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात काय झालं ते काठावरच्या माणसाला विचारा. घाटात झड लागल्याचं कळलं की जनावरं आधी हलवा, भांडीकुंडी नंतर.

गोवा जवळ म्हणून डिसेंबरात स्वेटरशिवाय बेळगावला येऊ नका, समुद्राकाठी रात्र फारशी गार होत नाही, आपण ७५० मीटरवर.

जुलैत चोर्ला घाटात दुचाकी नको, धुक्यात पुढचं वळण दिसत नाही.

आणि परतीच्या पावसाला कमी लेखू नका, अथणी-सौंदत्तीचा शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, काळ्या रानात मुरलेल्या त्याच ओलीवर निघतो.