ग्रेडच्या अंदाजातली अनिश्चितता मोजताना या चुका टाळा

खाणीच्या साठ्याचं क्रिगिंग (आजूबाजूच्या नमुन्यांच्या भारित सरासरीवरून अंदाज) झालं, साठ्याच्या प्रत्येक ठोकळ्याला म्हणजे ब्लॉकला ग्रेड (टनामागे धातूचं प्रमाण) मिळाली आणि शेजारच्या रकान्यात क्रिगिंग व्हेरियन्स, म्हणजे त्या अंदाजातल्या चुकीचं सूत्राने काढलेलं माप, तेही आलं. मग तोच आकडा अनिश्चितता म्हणून अहवालात जातो. गफलत इथेच होते.

सोन्याच्या साठ्यातले दोन ब्लॉक घ्या. दोन्हींच्या चार कोपऱ्यांवर सारख्याच अंतरावर बोअरहोल. पहिल्याभोवती टनाला १.९, २.०, २.० आणि २.१ ग्रॅम, दुसऱ्याभोवती ०.२, ०.३, ०.५ आणि ७.०. अंदाज दोन्हीकडे २.० आणि व्हेरिओग्राम (अंतर वाढेल तसा नमुन्यांतला फरक किती वाढतो ते दाखवणारा आलेख) एकच असेल तर क्रिगिंग व्हेरियन्सही तंतोतंत सारखा! कारण त्याच्या सूत्रात नमुन्यांची मूल्यं थेट येतच नाहीत, येते ती नमुन्यांची मांडणी आणि व्हेरिओग्राम. सोन्यात तर जिथे ग्रेड जास्त तिथे चढउतारही जास्त. ड्रिलिंगची जाळी कुठे विरळ आहे ते पाहायला हा आकडा चांगला. जोखीम त्यातून कळत नाही.

त्यासाठी कंडिशनल सिम्युलेशन करा. म्हणजे मोजलेल्या नमुन्यांशी जुळणारी, साठ्याची पन्नास-शंभर संभाव्य प्रतिरूपं काढा. प्रत्येक प्रतिरूप बोअरहोलच्या जागी मोजलेली ग्रेडच दाखवतं, पण मधल्या जागेत वेगळं असतं. त्यांची सरासरी काढून नकाशा छापू नका, तो पुन्हा क्रिगिंगसारखाच गुळगुळीत निघतो. सिम्युलेशनमधली बिंदूंवरची मूल्यं सरासरी काढून ब्लॉकच्या आकाराला आणल्याशिवाय वाचू नका. आणि प्रत्येक ब्लॉकचा पी-१० (ज्याच्या खाली फक्त दहा टक्के प्रतिरूपं येतात ती ग्रेड) घेऊन बेरीज करू नका. सगळे ब्लॉक एकाच वेळी वाईट निघत नाहीत, त्यामुळे ती बेरीज अकारण निराशाजनक येते. आधी प्रत्येक प्रतिरूपात तिमाहीच्या किंवा वर्षाच्या उत्पादनाची सरासरी काढा, मग त्या सरासऱ्यांचा पी-१० आणि पी-९० घ्या.

पी-१० ते पी-९० हा पट्टा संशयास्पद अरुंद आला? नगेट, म्हणजे अगदी जवळच्या नमुन्यांतही उरणारा फरक, तपासा. तो बोअरहोलच्या लांबीवरच्या व्हेरिओग्राममधून घ्यावा, दूरच्या बोअरहोलांच्या जोड्यांवरून अंदाजाने नव्हे. नगेट ठीक असेल तर धातुकाच्या सीमेकडे वळा. सगळ्या प्रतिरूपांत शिरेची जाडी एकच ठेवली असेल, तर बऱ्याचदा सर्वांत मोठी शंकाच मोजणीबाहेर राहते.

नमुनाच खोटा असेल तर यातलं काहीच चालत नाही. इंडोनेशियातल्या बुसांग इथे ब्री-एक्स कंपनीने कोअर (बोअरहोलमधून काढलेला खडकाचा दंडगोल) अर्धा राखून न ठेवता जवळजवळ अख्खा चुरला होता. त्यात बाहेरून सोनं मिसळल्याचं १९९७ मध्ये उघड झालं. व्हेरिओग्रामला हात लावण्याआधी डुप्लिकेट (त्याच नमुन्याची दुसरी प्रत), ब्लँक (धातू नसलेले) आणि प्रमाणित (ग्रेड आधीच माहीत असलेले) नमुन्यांचे निकाल मागवा.