‘ओर्फेओ एद एउरिदीचे’ची संहिता कशी वाचावी

‘ओर्फेओ एद एउरिदीचे’ हा ग्लुक या संगीतकाराचा ऑपेरा: मेलेल्या बायकोला, एउरिदीचेला, परत आणायला ओर्फेओ पाताळात जातो. त्याची संहिता वाचताना आधी आवृत्ती पक्की करा. रानिएरी दे काल्त्साबीजी यांची इटालियन संहिता ग्लुकच्या संगीतासह ५ ऑक्टोबर १७६२ रोजी व्हिएन्नाच्या बुर्गथिएटरात रंगभूमीवर आली. १७७४ ची पॅरिसची आवृत्ती फ्रेंच. तिच्यात बरीच भर आहे आणि नायक टेनर (उंच पट्टीचा पुरुषी आवाज) आहे. अनेक ध्वनिमुद्रणांत दोन्हींची सरमिसळ असते. म्हणून पानावरच्या ओळी कानावर पडत नाहीत आणि वाचणारा गोंधळतो.

प्रस्तावना गाळू नका. स्थळ एकच राहावं म्हणून एउरिदीचेचा मृत्यू थ्रेसऐवजी, पाताळाचं दार मानल्या जाणाऱ्या इटलीतल्या अवेर्नो सरोवराकाठी घडवल्याचं कवी तिथेच सांगतो.

मग ओळी मोजा. संवादात ७ आणि ११ अक्षरांच्या ओळी मिसळलेल्या असतात. ओळी आखूड आणि एकसारख्या झाल्या की गाणं सुरू झालं समजा. मोजताना शब्दांच्या सीमेवरचे स्वर जोडायचे. तिसऱ्या अंकातल्या ओर्फेओच्या ‘के फारो’ (‘मी काय करू’) या विलापगीताची पहिली ओळ घ्या: के-फा-रो-सेन-त्साएउ-री-दी-चे, म्हणजे ८. पुढची ओळ ७ च भरते, पण तिचा आघात शेवटच्या अक्षरावर आहे, म्हणून तीही ८ चीच धरतात. उलट पाताळातल्या फ्युरींचं (सूडदेवतांचं) ‘की माय देल्लेरेबो’ ६ भरतं आणि ५ चं मानतात, कारण आघातानंतर दोन अक्षरं घसरत जातात. इटालियन ऑपेरात नरकाच्या प्रवेशांना हीच घसरती ओळ देण्याची जुनी रीत आहे. मोठ्यानं म्हणून पाहा, दरारा लगेच जाणवतो.

सगळ्यात जास्त वेळ पहिल्या अंकातल्या प्रेमदेव आमोरेच्या अटींना द्या. मागे वळून पाहायचं नाही, ही अट सर्वांना ठाऊक असते. दुसरी अट निसटते: ही मनाई एउरिदीचेला सांगायचीही नाही. रोमन कवी ओव्हिडची एउरिदीचे मुकाट्यानं मागून चालते. इथली विचारते, रुसते, प्रेम आटलं असं समजते. तिसरा अंक याच अटीवर उभा आहे. ती अट निसटली तर एउरिदीचेचा राग उगाचचा वाटतो आणि ओर्फेओचं वळणं निव्वळ उतावीळपणा.

म्हणून ‘के फारो’कडे थेट उडी मारू नका. ग्लुकनं इथले संवादही वाद्यवृंदाच्या साथीवर बांधले आहेत, नुसत्या हार्प्सिकॉर्डवर (पियानोपूर्वीच्या कळवाद्यावर) नाही. ‘विएनी’पासून सुरू होणारा दोघांचा संवाद आधी सलग वाचा, मगच गाणं ऐका.