ट्रेलर घेऊन लांब जाण्याआधी: सर्वप्रथम चाकांची बेअरिंग्ज

कॅलिफोर्नियातून ट्रेलर ओढत, नेवाडा ओलांडून युटाच्या राष्ट्रीय उद्यानांकडे जाण्याचा विचार असेल, तर तयारीला निघण्याच्या किमान महिनाभर आधी लागावे आणि पहिला हात चाकांच्या बेअरिंग्जना, म्हणजे चाक सहज फिरू देणाऱ्या रोलरांच्या कड्यांना, घालावा. गाद्या, भांडी, खुर्च्या, मुलांचे खेळ यांची आठवण प्रत्येकाला आपोआप होते, म्हणून त्यांवर येथे शब्द खर्च करत नाही. मागच्या वेळी आमच्या यादीत या सर्व वस्तू होत्या, नव्हते ते फक्त बेअरिंगमध्ये नवे ग्रीस भरणे. आणि तेवढ्यापायी सहल नेवाडातल्या हायवे ५० वर, ऑस्टिन आणि युरेका या दोन गावांच्या मधल्या ओसाड पट्ट्यात संपली. या दोन गावांमध्ये सुमारे ७० मैलांचे अंतर असून वाटेत ना पेट्रोल मिळते ना मेकॅनिक. १९८६ मध्ये ‘लाइफ’ मासिकाने या रस्त्याला अमेरिकेतला सर्वांत एकाकी रस्ता म्हटले ते उगाच नव्हे.

ट्रेलरच्या बेअरिंग्जमधले ग्रीस दर १२ महिन्यांनी किंवा १२,००० मैलांनी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, बदलावे असे अॅक्सल (दोन बाजूंची चाके ज्यावर बसतात तो आडवा दांडा) बनवणारे सांगतात. “वर्षभर ट्रेलर दारातच उभा होता, झिजणार काय?” हा युक्तिवाद कृपया करू नये. उभ्या ट्रेलरच्या हबमध्ये, म्हणजे बेअरिंग्ज सामावणाऱ्या चाकाच्या मधल्या भागात, ओल शिरते, ग्रीस एका बाजूला साचते आणि रोलरवर गंजाचे ठिपके पडतात. पुढे उन्हाळ्यात भरल्या वजनाने शेकडो मैल धावताना तेच ठिपके उष्णता निर्माण करतात, ग्रीस जळते, आणि अखेरीस बेअरिंगची आतली कडी अॅक्सलच्या टोकावर वितळून बसते. मग नुसते बेअरिंग बदलून भागत नाही, अख्खा अॅक्सल बदलावा लागतो, आणि तो कुठल्याही गावातल्या दुकानात तयार ठेवलेला नसतो.

म्हणून ट्रेलर चौकटीखाली जॅक लावून उचलावा (अॅक्सलखाली नव्हे, तो वाकतो), चाक वरून आणि खालून धरून हलवून पाहावे, फिरवून घरघर ऐकावी आणि आतल्या बाजूला ग्रीस ओघळले आहे का ते पाहावे. त्यानंतर हब उघडून दोन्ही बेअरिंग्ज स्वच्छ धुवावीत, वाळवावीत, रोलरांच्या फटीफटीतून ग्रीस बाहेर येईपर्यंत भरावे आणि सील (ग्रीस आत रोखणारी चकती) नवेच घालावे. जुने सील ठोकून परत बसवण्याची काटकसर महागात पडते. अॅक्सलच्या टोकाचा नट आवळताना हब फिरवत सुमारे ५० फूट-पौंडांपर्यंत आवळून मग तो सैल करावा, हब न फिरवता नुसत्या बोटांनी पुन्हा बसवावा आणि नवी कॉटर पिन (नट सुटू न देणारी खीळ) लावावी. अॅक्सलच्या टोकाला ग्रीस-गन लावण्याची सोय असली तरी दोन-चार दाब मारून हे काम झाले असे समजू नये. घाईने दाबलेले ग्रीस मागचे सील फोडून ब्रेकवर जाते, आणि बेअरिंगची अवस्था मात्र कुणी पाहिलेलीच नसते. स्वतःला जमत नसेल तर दुकानात द्यावे, पण “बेअरिंग्ज बाहेर काढून पाहिली का?” असे स्पष्ट विचारावे. “सर्व्हिस झाली” हे उत्तर पुरेसे मानू नये.

याच्याच जोडीला सुट्या भागांचा एक संच ट्रेलरमध्ये असलाच पाहिजे: आतले व बाहेरचे बेअरिंग, त्यांच्या बाहेरच्या कड्या, सील, कॉटर पिन आणि ग्रीसचा डबा. ३,५०० पौंडांच्या अॅक्सलला बहुधा बाहेरून एल४४६४९ आणि आतून एल६८१४९ लागते, परंतु दुसऱ्याच्या ट्रेलरवरून अंदाज बांधू नये. हब उघडलेला असतानाच बेअरिंगवर कोरलेला क्रमांक लिहून घ्यावा. कडी ग्रीसच्या डब्याला दोरीने बांधून ठेवली तरी चालेल, पण ती गाडीत हवी.

टायरांचे आयुष्य नक्षीवरून ठरवू नये. टायरच्या बाजूवर DOT अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक आठवडा आणि वर्ष सांगतात, म्हणजे २३१९ हा २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर होय. पाच-सहा वर्षे झालेला टायर दिसायला कितीही नवा असला तरी बदलावा. हवा थंड टायरमध्ये, बाजूवर लिहिलेल्या कमाल दाबाइतकी भरावी. ट्रेलरच्या अनेक टायरांची मर्यादा ताशी ६५ मैल असते, आणि कॅलिफोर्नियात तर ट्रेलर ओढताना कायद्यानेच ५५ ची मर्यादा आहे, तेव्हा मागून येणारा कितीही हॉर्न वाजवो.

सामान भरून झाल्यावर ट्रक-थांब्यावरील काट्यावर वजन करावे. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्यावर, यायला हवा. मागच्या बाजूला जड सामान कोंबले की ट्रेलर वेगात डोलू लागतो. ब्रेक, दिवे आणि ट्रेलर गाडीपासून सुटल्यास त्याचे ब्रेक लावणारी तार व तिची बॅटरी एकदा प्रत्यक्ष ओढून तपासावी.

विम्याचा कागद वाचावा, आणि नीट वाचावा. रस्त्यावरील मदतीच्या कित्येक साध्या योजना फक्त गाडी उचलतात, ट्रेलर उचलत नाहीत, आणि हे रस्त्याच्या कडेला उभे राहून फोनवर कळणे फार त्रासाचे असते. ४ जुलैच्या (अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या) आसपासचा प्रवास असेल तर सुटे भाग विकणारी दुकाने बंद असतील हे गृहीतच धरावे, आणि त्यासाठीही वर सांगितलेला बेअरिंगचा संच.

पाणी माणशी दिवसाला चार लिटर, वर थोडे जास्त. औषधे. छापील नकाशा, कारण हायवे ५० च्या बऱ्याच भागात मोबाइलला रेंज नसते. गॅसची टाकी, चाकांखालचे ठोकळे, टॉर्च, हातमोजे. बाकीचे ज्याचे त्याने पाहावे.

चाके काढून परत बसवली असतील तर निघाल्यावर १०, २५ आणि ५० मैलांवर चाकांचे नट टॉर्क-पान्याने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासावेत. प्रत्येक थांब्यावर उतरताच, चहापाण्याच्या आधी, इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही हबांचे तापमान घ्यावे आणि एकमेकांशी ताडून पाहावे. उन्हाच्या बाजूचे थोडे जास्त येईल, ते चालते, पण एखादे इतरांपेक्षा बरेच गरम असेल, तर तेथेच थांबून तो हब उघडावा, पुढच्या गावापर्यंत रेटू नये.