पार्चमेंट क्राफ्टला बसायच्या आधी टेबलावर काय काय हवं

टेबल आदल्या रात्रीच लावून ठेवा. एकदा नक्षीवर कागद टेपने बसवला की मध्ये उठून कात्री शोधत फिरायचं नाही, कागद हलला की रेघ हलली आणि मग ते कार्ड आपल्याच डोळ्यात खुपत राहतं.

नवीन कोणी असेल तर दोन वाक्यांत सांगते. जाडसर अर्धपारदर्शक कागदावर पांढऱ्या शाईने नक्षी गिरवायची, मग उलट्या बाजूने गोल टोकाच्या टूलने हळूहळू दाबून तो भाग फुगवायचा (यालाच एम्बॉस करणं म्हणतात, तिथे कागद पांढरा दिसायला लागतो), आणि कडेला सुयांनी भोकं पाडून कात्रीने लेस कापायची. युरोपात कॅथलिक धार्मिक चित्रांभोवती अशी कागदी लेस करायचे, तिथून हे स्पॅनिश लोकांबरोबर दक्षिण अमेरिकेत गेलं, आणि कोलंबियाच्या मार्था ओस्पिना नेदरलँड्सला आल्या तेव्हा १९८० च्या दशकात त्यांनी पर्गामानो या नावाने हे परत युरोपभर पोचवलं. इतिहास एवढाच, आता सामान.

पहिली गोष्ट कागद. ऑनलाइन नुसतं पार्चमेंट पेपर असं शोधलंत तर केक भाजायचा कागद घरी येईल, त्याला सिलिकॉनचा थर असतो, शाई त्यावर थांबतच नाही. क्राफ्टचा पार्चमेंट किंवा व्हेलम असं बघा आणि जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, त्यावरून जाडी कळते) वाचा, साधारण १४० ते १५० च्या आसपासचा घ्या. इंजिनिअरिंग ड्रॉइंगचा ट्रेसिंग पेपर ९०-९५ चा असतो, तो हात बसवायला ठीक आहे पण जरा जोर लागला की फाटतो. कागद गुंडाळी करून ठेवू नका, फाइलमध्ये सपाट ठेवा, आणि मुंबई-कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात त्या फाइलमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका, चपलांच्या खोक्यातून निघतात त्याच. हा कागद हवेतला ओलावा पटकन ओढतो आणि लाटा येतात. उलट नागपूरकडे मे महिन्यात तोच कागद इतका कोरडा होतो की एम्बॉस करताना तडकतो, तिकडच्यांनी हात अजूनच हलका ठेवायचा.

आणि आता ती वस्तू जी कुठल्याच किटमध्ये मिळत नाही, व्हिडिओत कोणी नाव घेत नाही आणि मागच्या वेळी माझ्या टेबलावर नव्हती. हाताखाली ठेवायचा कोरा कागद. साधा प्रिंटरचा ए-फोर, दुमडून दुहेरी केलेला. तळहात आणि पार्चमेंट यांच्या मध्ये तो हवाच. आपण पंखा बंद करून बसतो कारण कागद उडतो, पंखा बंद केला की हाताला घाम येतो, घाम कागदात मुरतो, आणि बारशाच्या कार्डावर बरोबर तळहाताच्या आकाराची लाट उठते जी इस्त्री, जाड पुस्तकं, काही केल्या जात नाही. घाम येत नसला तरी त्वचेचं तेल असतंच, ते लागलं तिथे शाई नीट बसत नाही, थेंब थेंब होते. हात धुऊन पुसून बसलं तरी अर्ध्या तासात परत तेच. म्हणून हाताखाली कोरा कागद. एक नाही, तीन-चार काढून ठेवा, दमट झाला की बदलायचा.

नक्षी झेरॉक्स करून आणा, घरच्या इंकजेटची प्रिंट नको, ओल लागली की तिचा रंग पार्चमेंटला लागतो. टेप म्हणजे मास्किंग टेप, आणि तो लावायचा तर कार्डाच्या बाहेर राहणाऱ्या फालतू कडेवर, म्हणून कागद चारी बाजूंनी दोन-अडीच सेंटिमीटर जास्तच कापा, कंजुषी नको.

शाई पांढरी, आणि लिहायला बारीक निबचा टाक. नवीन निबवर तेलकट थर असतो, तो ओल्या फडक्याने पुसा नाहीतर शाई धरत नाही. बाटली जोरजोरात हलवू नका, बुडबुडे येतात, काडीने ढवळा. निब बाटलीत बुचकळण्यापेक्षा ब्रशने निबला शाई लावली तर डाग कमी पडतात. हे सगळं झेपत नसेल तर पांढऱ्या पेन्सिलने गिरवा, टोक सुईसारखं ठेवा, एम्बॉस केल्यावर ती रेघ पांढऱ्यात मिसळून जाते आणि कोणाला काही कळत नाही, मी तर नवीन लोकांना हेच सांगते. पांढरं जेल पेन मात्र नको, रेघ जाड येते आणि ढोबळ दिसते. शाईची रेघ चुकली तर ओली असताना पुसायला जाऊ नका, वाळू द्या आणि ब्लेडच्या टोकाने अलगद खरवडा. आणि ओल्या रेघेवरून हात नेऊ नका, म्हणजे वरून खाली, डावीकडून उजवीकडे, डावखुरे असाल तर उलट. हाताखालचा कागद इथेही लागतो पण तो ओल्या शाईवर घासत न्यायचा नाही, उचलून ठेवायचा.

रंग द्यायचे तर एम्बॉसच्या आधी. आधी. कारण टूल सरसर फिरावं म्हणून आपण उलट्या बाजूला जरासं मेण फिरवतो आणि मेणावर रंग चढत नाही. ऑइल पेस्टल उलट्या बाजूला घासून, टिश्यूवर टर्पेंटाइनचा थेंब घेऊन पसरवलं की सुलट्या बाजूने मस्त मऊ, धुरकट रंग दिसतो. वॉटरकलर वापरायचा हट्टच असेल तर ब्रश जवळजवळ कोरडा ठेवा. जो कागद घामाने वाकतो तो पाण्याने वाकणार नाही असं कसं होईल.

एम्बॉसिंगच्या टूल्समध्ये मोठी गोळी, मधली गोळी आणि एकदम बारीक, एवढ्या तीन पुरतात, दहाचा सेट घेऊ नका. खाली मऊ रबरी मॅट, शक्यतो काळी, म्हणजे पांढरं किती झालं ते दिसतं. दिवा समोरून नाही, बाजूने पडेल असा ठेवा, उठाव तेव्हाच कळतो. सुरुवात मोठ्या गोळीने, इतकं हलकं की काही होतच नाहीये असं वाटतं. पहिल्या फेरीत राखाडी होतं, मग जरा थांबून दुसरी, मग तिसरी, मग कडेकडेने बारीक गोळी. दाबल्यावर आतले तंतू ताणले जातात आणि प्रकाश आरपार जाण्याऐवजी विखुरतो, म्हणून पांढरं दिसतं. एकाच फटक्यात पांढरं करायला गेलात तर तंतू ताणले न जाता तुटतात आणि पाकळीला चीर जाते. चीर गेली की संपलं. टूल शाईच्या रेघेच्या आत ठेवायचं, रेघेवरून नाही.

आणि हो, या सगळ्यात सर्वात जास्त वेळ हात कागदावर टेकलेला असतो तो याच टप्प्यात. एका फुलाला तास जातो. तासभर घामट हात एका जागी. परत सांगते, कोरा कागद हाताखाली, कंटाळा आला तरी, 'एकच पाकळी राहिलीये' असं वाटलं तरी. माझ्या कार्डाची लाट त्या एकाच पाकळीची होती.

सुयांसाठी मॅट वेगळी लागते, जरा घट्ट फोमची. एम्बॉसिंगच्या मॅटवर भोकं पाडलीत तर ती मॅट गेली, नंतर एम्बॉस करताना प्रत्येक खड्डा कागदावर उमटतो. दुकानदार एकच मॅट दोन्हीला चालते म्हणेल, त्याला विकायचीये. टूल चार सुयांचं घ्या आणि एक एकसुईचं, बाकी अर्धगोल, फुलाच्या आकाराचं वगैरे नंतर बघू. क्रम मात्र पाठ करा: आधी सुलट्या बाजूने उथळ टोचायचं, नुसती खूण पडेल इतकं, मग भोकांच्या मधला भाग उलट्या बाजूने एम्बॉस करायचा, मग परत सुलट्या बाजूने त्याच खुणांत खोल टोचायचं. थेट खोल टोचलंत आणि मग एम्बॉस केलंत तर भोकं ओढली जाऊन वेडीवाकडी होतात, आणि आधी एम्बॉस केलंत तर सुया नेमक्या कुठे टाकायच्या ते कळत नाही. टूल सरळ उभं धरा, तिरकं नाही. दुसऱ्या हाताने कागद धरून ठेवतो ना आपण, त्या हाताखालीही कागद, तो हात सगळे विसरतात.

कात्री बारीक टोकाची, टोकं किंचित वळलेली, आणि ती याच कामाला, घरात कोणाला दूधपिशवी कापायला द्यायची नाही. दोन टोकं शेजारच्या दोन भोकांत घालायची, मधली पट्टी छाटायची, चारही बाजू झाल्या की चौकोनी तुकडा गळून पडतो. चष्मा लागत असेल तर लावा, उगाच शान नको. बाहेरची कड अगदी शेवटी कापायची, तोवर ती धरायला लागते.

घडी आधीच पट्टी लावून मोठ्या गोळीने आखून ठेवा. पांढरा गोंद वापरू नका, आरपार दिसतो आणि कागद वाकवतो. आतलं रंगीत कार्ड घडीवर दोऱ्याने शिवा किंवा रिबीन बांधा. अगदीच चिकटवायचं असेल तर सिलिकॉन ग्लूचा ठिपका, तो पण जिथे एम्बॉस पांढरं आहे त्याच्या मागे.

पाकीट आधी विकत घ्या आणि कार्डाचं माप त्यावरून ठरवा, उलट करायला गेलात तर त्या मापाचं पाकीट मिळत नाही. पाठवायचं असेल तर आत एक पुठ्ठा टाका, उठाव चेपला जातो.